दूरदर्शनवरचे ग्रहण

परभणी जिल्ह्यातून १६ फेब्रुवारी १९८० आणि २४ ऑक्टोबर १९९५ ही दोन्ही सूर्यग्रहणे खंडग्रासच दिसली. पहिल्याचा खग्रास पट्टा दक्षिणेला अंकोला-रायचूरवरून, तर दुसऱ्याचा उत्तरेला राजस्थान ते बंगाल असा गेला. १९८०मध्ये लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने दुपारी हिंदी चित्रपट दाखवला. पंधरा वर्षांनी, ऐन दिवाळीतल्या सकाळी, त्याच दूरदर्शनने खग्रास स्थितीचे थेट प्रक्षेपण केले. शास्त्रज्ञ यशपाल यांनी ते सोप्या शब्दांत उलगडून सांगितले. त्यामुळे वेध पाळून, पाण्यावर तुळशीपत्र ठेवून बसलेल्या घरांतही टीव्हीवर सूर्याचे प्रभामंडल आणि चंद्रबिंबाच्या कडेला क्षणभर लखलखणारी ‘हिऱ्याची अंगठी’ पाहता आली. खंडग्रास पट्ट्यातल्या गावांना हे दृश्य नुसत्या आकाशाकडे पाहून दिसणे शक्यच नव्हते.