उरणच्या बंदरांतील कागदी हुकूम

उरण म्हटलें कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच, मोरा बंदर आणि मिठागरें उभीं राहतात. परंतु माझ्या आजच्या भाषणाचा विषय ह्याच तालुक्यांतील दुसरें बंदर आहे. न्हावा-शेवा येथें २६ मे १९८९ रोजीं सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरावर शेंकडों पेढ्यांचीं कामें एकमेकींत गुंतलेलीं आहेत. त्या सर्व पेढ्यांना संगणकाच्या एकाच सामायिक व्यवस्थेंत आणण्याचे प्रयत्न झाले. ते सहजासहजीं सिद्धीस कां गेले नाहींत, हें आज पाहावयाचें आहे.

परदेशाहून आलेली मालाची पेटी, जिला बंदरावर सारेच कंटेनर म्हणतात, बाहेर काढावयाची तर किती जणांची संमति लागते! जहाज-कंपनीचा एजंट, जकात-खातें, टर्मिनल, पेटी ठेवून घेणारें फ्रेट स्टेशन, बँक, व्यापाऱ्याचा क्लिअरिंग एजंट, आणि शेवटीं ट्रेलरवाला. ह्या साऱ्यांत कळीचा कागद डिलिव्हरी ऑर्डरचा. 'हा माल अमक्याच्या हवालीं करावा' असा जहाज-कंपनीच्या एजंटाचा तो लेखी हुकूम होय. क्लिअरिंग एजंटाचा माणूस एका कचेरींत पैसे भरी, शिक्का-सही घेई, आणि तो कागद हातांत धरून दुसरी कचेरी गांठी. एका सहीपायीं दिवस मोडला तर भाडें व्यापाऱ्याच्या माथीं आणि खोळंबा ट्रेलरवाल्याच्या. त्याची रात्र करळ फाट्याच्या बाजूला रांगेंत, केबिनींतच जाई.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हें बंदर सुरू झालें त्याच १९८९ च्या जानेवारींत सिंगापुरानें 'ट्रेडनेट' ही व्यवस्था आरंभिली. निरनिराळ्या अर्जांच्या जागीं एकच अर्ज आला, तो संगणकावरून जाऊं लागला, आणि ज्याला पूर्वीं दोन ते चार दिवस लागत तें काम मिनिटांत उरकूं लागलें. १९९१ सालीं तेथें ती पद्धति सक्तीची झाली. पण सिंगापूर हें एका शहराएवढें राज्य. तेथें एका कचेरीचा निश्चय साऱ्या बंदराचा निश्चय ठरतो.

आपल्याकडे प्रत्येकानें आधीं आपापलें घर सजविलें. जकात-खात्यानें १९९५ मध्यें दिल्लीस संगणकाचा आरंभ केला. न्हावा-शेव्यास १९९९ मध्यें पहिला खाजगी टर्मिनल आला, २००६ मध्यें दुसरा. त्यांचीं यंत्रें त्यांचीं त्यांचीं. पेटीचा नंबर चार अक्षरें व सात आंकडे असा असतो. शेवटचा आंकडा आधींच्या सर्वांवरून गणितानें काढलेला, म्हणजे लिहिण्यांत चूक झाली तर ती पकडतां यावी. ज्यांनीं ही युक्ति योजिली त्यांना ठाऊक असावें कीं, हा नंबर अनेक हात पुनःपुन्हां लिहिणार आहेत! २००७ च्या सुमारास देशांतील मोठ्या बंदरांसाठीं एक सामायिक व्यवस्था निघाली खरी. तथापि पडद्यावर एकदां माहिती भरावयाची आणि कागद तर न्यावयाचाच, असें दुहेरी काम कारकुनाच्या गळ्यांत पडलें.

मंडळी जुन्या वळणाचीं म्हणून नवें घेत नाहींत, असें अशा वेळीं सर्रास म्हटलें जातें. मला तें पटत नाहीं. डिलिव्हरी ऑर्डर हा नुसता निरोप नव्हे, ती एजंटाची तारण-चिठ्ठी आहे. पैसे वाजवून घेतल्यावांचून तो ती हातची सोडीत नाहीं, आणि त्यांत त्याचें चुकतें असें कोण म्हणेल? जोंवर कागद पडद्यावर आणि पैसे मात्र खिडकीवर, तोंवर माणसाला खिडकीपाशीं जावेंच लागणार. मग गेल्यासारखा तो कागदही घेऊन येणार. दुसरें असें कीं, अशा व्यवस्थेंत पहिल्यानें शिरणाऱ्याला लाभ कांहींच नसतो. दहांपैकीं नऊ जण आले आणि एक बाहेर राहिला, तर त्या एकासाठीं नवांना कागदाच्या फायली ठेवाव्या लागतात. हिशेबी माणूस अशा ठिकाणीं थांबून पाहतो.

त्यांतच २७ जून २०१७ चा दिवस उगवला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेल्या 'नॉटपेट्या' नांवाच्या विषाणूनें मेर्स्क कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. न्हावा-शेव्याचा जो टर्मिनल त्या समूहाकडे होता तोही त्यांत सांपडला आणि हातानें काम करण्याची पाळी आली. त्या कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें उभे करावे लागले. कागदाच्या कैवाऱ्यांना ह्याहून चांगला साक्षीदार कोणता मिळणार होता?

तरीही डिसेंबर २०१८ मध्यें बंदरांची नवी सामायिक व्यवस्था, 'पीसीएस-वन-एक्स', सुरू झाली. तिच्यांत मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट: कोणत्याही एका बँकेला बांधून न घेतां पैसे भरण्याची सोय तिच्यांत होती. खिडकी आणि कागद एकाच ठिकाणीं आले. असें असूनही सवय मोडली ती सोयीमुळें कमी आणि संकटामुळें अधिक. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीनें कचेऱ्या बंद झाल्या. जहाजें मात्र येतच होतीं. १५ एप्रिलपासून जकात-खातें माल सुटल्याचा दाखला व गेटपास ई-मेलनें पाठवूं लागलें. ज्या शिक्क्यावांचून फाटक उघडत नसे, त्याच्यावांचून तें उघडूं लागलें.

पुढें २७ जानेवारी २०२३ रोजीं सागरी व्यापारासाठीं राष्ट्रीय लॉजिस्टिक्स पोर्टल निघालें आणि जुन्या व्यवस्थेची जागा त्यानें घ्यावयाची असें ठरलें. जुनी अंगवळणीं पडून चार-सव्वाचार वर्षेंच झालीं होतीं. क्लिअरिंग एजंटांचे कारकून पुन्हां नवा पासवर्ड घेऊन पडद्यापुढें बसले.