तांदळाची कणी आणि ब्राझीलची कॉफी

भिवंडी म्हटलं की लोकांना माग आणि गोदामं आठवतात. पण तालुक्यात भात अजून पिकतं आणि ते भरडायला गिरणीतच न्यावं लागतं. गावच्या जुन्या गिरणीतला हलर मूळचा ब्राझीलचा. माझं तर मत आहे, तो भातासाठी जन्मलाच नाही, कॉफीसाठी जन्मला.

1885 मध्ये एव्हारिस्तो कॉनरादो एंगेलबर्ग या ब्राझिली अभियंत्याने तो बनवला. 1888 मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूजला त्याच्या नावाची कंपनी निघाली, यंत्र भात खाणाऱ्या मुलखांत पसरलं आणि आपल्याकडची घिरटं, उखळ-मुसळ मागे पडली.

कोणी म्हणेल, ब्राझीलमध्ये भातही पिकायचं आणि कंपनी दोन्हीसाठी हलर विकत होती, मग कॉफीच का? हलर उघडून बघा. आत उंचवट्यांच्या धारा असलेला लोखंडी रूळ, खाली छिद्रांची जाळी, बाजूला पुढेमागे सरकणारी पट्टी. दाणे त्यात दाबले जातात, एकमेकांवर रगडतात; तूस आणि कोंडा एकाच फेरीत निघतो. कॉफीची बी आखूड नि टणक, तिचं सुकं टरफल ठिसूळ. तिला हा मार सोसतो. लांबट, बारीक तांदूळ मधोमध मोडतो. भात डोळ्यांपुढे ठेवून बसलेला माणूस असं यंत्र करील, हे मला पटत नाही.

यावर एकच आक्षेप वजनदार आहे: दाणा गिरणीत नव्हे, शेतातच फुटतो. ऑक्टोबरात कापलेलं भात शेतात पडून राहतं. दिवसा कडक ऊन, रात्री दव. फार सुकलेला दाणा दव पितो आणि आतून तडकतो. तूस नखाने काढून दाणा उजेडाकडे धरा, आडव्या बारीक चिरा दिसतील. म्हणून ओंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले, बुडाशी थोडे हिरवे राहिले की कापणी करावी. तेव्हा दाण्यात वीस-बावीस टक्के ओल असते. नंतर सावलीत, खालीवर करत सुकवावं.

आक्षेप खरा, पण अर्धा. सिंधुदुर्गात, गोव्यात भात भिजवून उकडतात. पिष्ट शिजतं, चिरा बुजतात आणि तोच हलर बराच अख्खा तांदूळ देतो. ठाण्याकडचा कच्चा तांदूळ मात्र त्यात कणी होतो. चीर शेताची, घाव हलरचा.

उत्तर 1920 च्या दशकात जपानमध्ये निघालं: दोन रबरी रूळ, उलट दिशांनी फिरणारे, एक दुसऱ्यापेक्षा जवळपास चतुर्थांशाने वेगवान. या फरकाने तूस सोलून निघतं, दाण्यावर आघात होत नाही. मक्याची कणसं तोडणाऱ्या यंत्रांतही हीच जाण दिसते. फिरत्या रुळांवर कणसाचा बुंधा घासला की दाणे झडतात. म्हणून वर पट्ट्या बसवून कणीस रुळांपासून दूर राखतात आणि सोलायला रबरी रूळ लावतात.

आपल्याकडे 1958 चा भातगिरणी कायदा हातसडीला जपण्यासाठी आला, 1968 च्या दुरुस्तीने त्याच कायद्याला नव्या गिरण्यांकडे वळवलं. तरी हलर टिकला. एका घरचं पोतंभर भात तो वेगळं भरडून देतो, आणि कोंडा-तूस मिसळून आलेला भुसा गुरांना घालता येतो. मोठ्या गिरणीत आपलाच तांदूळ आपल्या घरी परत येईल, याची खात्री नसते.