ऑप्टिक्स : जनाची की मनाची?

मंडळी, "निर्णय बरोबर होता, फक्त ऑप्टिक्स चुकलं," हे वाक्य आता टीव्हीवरच्या चर्चेतून आपल्या चहाच्या टपरीपर्यंत आलंय. त्यावर थोडं बोलू.

शब्द मूळचा ग्रीक, नजरेशी संबंधित. विज्ञानात ऑप्टिक्स म्हणजे प्रकाशाचं शास्त्र. न्यूटनने १७०४ साली याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या बाजारपेठेत हा शब्द चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर आला, 'ऑप्टिकल्स' म्हणून. दोन्हीकडे अर्थ एकच: नीट दिसावं. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका-कॅनडातल्या राजकीय बातम्यांत त्याला दुसरा अर्थ चिकटला: लोकांना ते कसं दिसेल?

आपल्याकडचा धडा एप्रिल २०१६ चा. भीषण दुष्काळ. तेव्हाच्या जलसंधारण मंत्री आणि बीडच्या पालकमंत्री पंकजा मुंडे यांनी लातूर जिल्ह्यात मांजरा नदीवरच्या कामाजवळ सेल्फी काढला. टीकेचा भडिमार झाला. पाणी पाहून दिलासा वाटला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच महिन्यात मंत्री एकनाथ खडसे लातूरला आले. त्यांच्या हेलिपॅडवर धूळ उडू नये म्हणून १० हजार लिटर पाणी मारल्याच्या बातम्या आल्या. दोन्ही वेळा निदान एकच, ऑप्टिक्स चुकलं.

याउलट १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर कापत पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. सुरुवातीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी, २५ लाख लिटर. लोकांची तहान खरंच भागली, हे मान्य करायलाच पाहिजे. आणि चित्रही झकास दिसलं. देशभर बातम्या झाल्या.

पण लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कुठंय? आपल्या केज तालुक्यात, धनेगावला. लातूरबरोबर अंबाजोगाई, केजचीही तहान त्याच धरणावर. ते कोरडं पडलं होतं. पाऊस कमी झाला हे खरंच, पण खोऱ्यात ऊस किती, पाण्याचा हिशेब कुणी ठेवला, पिण्याचं पाणी आधी राखून का ठेवलं नाही? या प्रश्नांचा सेल्फी निघत नाही. म्हणून भांडण सेल्फीवर झालं, धरणावर नाही. यात आम्ही पत्रकार आलो अन् फोटो फॉरवर्ड करणारे तुम्हीही आलात.

आपली जुनी माणसं म्हणायची, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा. ऑप्टिक्स ही फक्त जनाची लाज. ती असावी, काही वाईट नाही. पण नेत्याला तेवढीच उरली की तो फोटो सुधारतो, काम नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "ऑप्टिक्स चुकलं" म्हणालं, तर एवढंच विचारा: दिसलं ते सोडा साहेब, झालं काय ते सांगा.