कोशिंबीर आणि सॅलड



मिरजेच्या भाजीबाजारांत अलीकडे एक नवा पाहुणा दिसूं लागला आहे. कोबीसारखा गोल, पण कोबीहून हलका आणि फिकट. हातांत घेतला तर आंत पाणी सांठविल्यासारखा गार. विकणारी बाई त्याला नुसतेंच 'सॅलड' म्हणते. वनस्पतीचें नांव लेट्यूस, आणि तिच्या या गड्डेदार जातीचें नांव आइसबर्ग, म्हणजे हिमनग. परवां आमच्या सूनबाईंनीं असा एक गड्डा आणून त्याच्या चार फोडी केल्या, एकेक फोड ताटलींत उभी ठेवली, वरून घट्ट पांढरें कालवण ओतलें आणि म्हणाल्या, "मामंजी, घ्या, ही अमेरिकन कोशिंबीर."

मी ती खाल्ली. चव बरी होती. परंतु कालवण पानांवरून घसरून ताटलींत खालीं उतरलें होतें, आणि पानांना खालपर्यंत पाणी सुटलें होतें. या पदार्थाला कोशिंबीर म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र मनांत घर करून राहिला. त्याचें उत्तर शोधतांना जें हातीं आलें तें आज आपणांपुढें मांडतों.

'सॅलड' हा शब्द मीठ या अर्थाच्या लॅटिन 'साल' शब्दापासून झाला. मीठ लावलेला पाला, एवढाच त्याचा मूळ अर्थ. रोमन लोक हा पाला मोठ्या आवडीनें खात. सम्राट ऑगस्टस एका दुखण्यांतून उठला तो लेट्यूसमुळें, असें प्लिनी लिहितो. आपल्याकडील युनानी हकिमांना हीच वनस्पति 'काहू' या नांवानें परिचित होती. तिचें बीं झोंप आणण्यासाठीं ते देत. म्हणजे तिच्याशीं आपली ओळख अगदींच नवी नाहीं. ती औषधाच्या पुडींतून येत होती, ताटांतून नव्हे, इतकेंच.

हिमनग हें नांव मात्र अर्वाचीन आहे. त्याविषयीं एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते: कॅलिफोर्नियांतील शेतकरी हे गड्डे आगगाडीच्या डब्यांत भरून त्यांवर फोडलेल्या बर्फाचे ढीग घालीत, डबे स्टेशनांत शिरले कीं हिमनग आल्यासारखे दिसत, म्हणून हें नांव पडलें. गोष्ट चित्तवेधक आहे. पण अशा गोष्टी ऐकल्या कीं इतिहासाच्या अभ्यासकानें आधीं साल विचारावें. बर्फाच्या डब्यांतून पूर्वेकडे जाणारा हा मोठा व्यापार १९२० नंतरच्या काळांतला. आणि फिलाडेल्फियाच्या बर्पी या बियाणेवाल्यानें 'आइसबर्ग' नांवाचें बीं विक्रीस काढलें तें १८९४ सालीं. नांव आधीं आणि बर्फ मागून! तथापि कथेंत एक तथ्य उरतेंच. नांव बर्फानें दिलें नसेल, पण प्रतिष्ठा बर्फानें व आगगाडीनेंच दिली. शेंकडों कोसांचा प्रवास करूनहि न कोमेजणारें पान म्हणून लोकांनीं त्याला उचलून धरलें. आज बाजारांत येणारे गड्डे बर्पीच्या त्या बियांचे नव्हत. ते पुढें निपजविलेल्या, विशेषतः १९४१ सालच्या 'ग्रेट लेक्स' नांवाच्या वाणाच्या कुळांतले आहेत.

फोडी करून वाढण्याची रीत त्या गड्ड्याच्या अंगच्या घडणीतूनच निघाली. पानें एकावर एक इतकीं घट्ट कीं तीं सुटीं करण्यापेक्षां देठासकट चौफाळा करणें सोपें. त्यावर अंड्याचा बलक व तेल घोंटून केलेलें मेयोनेझ, नाहीं तर निळ्या बुरशीचें चीज ताकांत कालवून केलेलें दाट मिश्रण घालावयाचें. होय, ताकांत! अमेरिकन गृहिणीच्या त्या कालवणांत आपलें ताक आहे, हें वाचून मला गंमत वाटली.

आतां आपल्या बाजूकडे वळूं. मिरज हें जुनें गांव. शके ९४६ मधील, म्हणजे इ. स. १०२४ मधील चालुक्य जयसिंहाचा ताम्रपट येथेंच सांपडला. त्याच कल्याणीच्या चालुक्यकुलांतील तिसऱ्या सोमेश्वरानें पुढें शंभर वर्षांनीं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, आणि त्यांत राजाच्या भोजनासाठीं एक स्वतंत्र प्रकरणच दिलें. दहीं घट्ट करून त्यांत साखर घालून केलेली शिखरिणी त्यांत आहे. दह्यांतील पाणी निथळून टाकलें कीं त्याला अंग येतें, ही गोष्ट दख्खनच्या पाकशाळेला नऊशें वर्षांपूर्वीं पूर्णपणें ठाऊक होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या मराठी दरबारच्या आश्रयानें रघुनाथ नवहस्त यानें 'भोजनकुतूहल' लिहिलें. त्यांतहि अन्नपदार्थांचे गुणदोष विस्तारानें आले आहेत.

आणि आमची मोहरी! मोहरी पाण्यांत वाटून ती नाकाला झोंबेपर्यंत फेसावयाची, हें जुन्या बायकांचें कसब. फ्रेंच आचारीहि मेयोनेझमध्यें मोहरीच घालतो, आणि ती केवळ तिखटपणासाठीं नव्हे. वाटलेल्या मोहरीच्या अंगीं तेल आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवण्याचा गुण आहे. तिच्यामुळें कालवण फुटत नाहीं. एकमेकांचें तोंडहि न पाहिलेल्या दोन पाकशाळा एकाच दाण्यापाशीं येऊन थांबल्या.

येथें सूनबाईंच्या 'अमेरिकन' या विशेषणाचाहि विचार केला पाहिजे. आपल्या आजच्या कोशिंबिरींत हिरवी मिरची आहे, दाण्याचें कूट आहे, पुष्कळदां टोमॅटो आहे. हीं तिन्ही अमेरिका खंडांतून आलेलीं; पोर्तुगीजांची गलबतें येण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांना त्यांचा गंधहि नव्हता. तेव्हां अमेरिकन कोशिंबीर आम्ही कित्येक पिढ्या खात आलों आहोंत, आणि तिला सोंवळ्यांत बसवून मोकळेहि झालों आहोंत!

मग भेद कोठें आहे? माझ्या मतें तो पाण्यांत आहे. भाजीच्या आंतल्या पाण्यांत, आणि बाहेरच्याहि.

आंतल्या पाण्याचा धडा मला लहानपणीं आजीनें दिला. ती विळीवर बसून काकडी चोचवी, ती पिळून ठेवी, दहीं निराळें ठेवी, कूट निराळें. आणि पानें मांडून झालीं, भात वाढला गेला, कीं मगच सर्व एकत्र करून मीठ घाली. एकदां मदत करावी म्हणून मीं आधींच मीठ टाकून ठेवलें. पंगत बसेपर्यंत भांड्यांत काकडी कमी आणि पाणी अधिक झालें. आजी रागावली नाहीं. "आतां ही वाटींतून पी," एवढेंच म्हणाली. मीठ भाजीच्या पेशींतलें पाणी बाहेर ओढून घेतें, हें शास्त्र मीं पुढें शाळेंत शिकलों. ज्या मिठानें सॅलडला नांव दिलें तेंच त्याचा कुरकुरीतपणा घालवितें. अमेरिकन रीतींत यावर उपाय असा कीं, पान चिरावयाचेंच नाहीं. फोड मोठी ठेवावयाची आणि मीठ कालवणांत बांधून टाकावयाचें. आजीचा उपाय वेळेचा होता.

बाहेरच्या पाण्याची कथा अधिक गंभीर आहे. आपल्याकडे कच्चें खातात तें बहुधा सोलून: काकडी, कांदा, मुळा. घोळाण्यांतली मेथी किंवा भाकरीबरोबर खाल्ली जाणारी कच्ची पात हे अपवाद. एरवीं पालेभाजी म्हटली कीं ती चुलीवर चढावयाचीच. हा नियम कोणीं मुद्दाम घालून दिला असें मी म्हणत नाहीं. पण ज्या प्रदेशांत पटकीच्या सांथी वारंवार येत, तेथें तो टिकला यांत नवल नाहीं. पटकीचा जंतु पाण्यांतून पसरतो हें रॉबर्ट कॉक यानें १८८४ सालीं कलकत्त्यास दाखवून दिलें. पुढें आग्र्याच्या डॉ. हँकिन यांनीं विहिरींत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे टाकण्याचा पुरस्कार केला. आणि तेच खडे विरघळविलेल्या पाण्यांत सॅलडचीं पानें बुडवून ठेवणें हा हिंदुस्थानांतील साहेबी स्वयंपाकघरांचा परिपाठ होऊन बसला. पुष्कळ साहेब तर कच्च्या पानाला शिवतहि नसत.

योगायोग असा कीं, बर्पीनें आपलें बीं विकावयास काढलें त्याच १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉन्लेस यांचें अमेरिकन मिशनचें रुग्णालय मिरजेस सुरू झालें. १८९१ त कोल्हापूरचा फांटा निघून मिरज जंक्शन झालेंच होतें. १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वे पंढरपुराकडून येथें येऊन मिळाली. तिकडे आगगाडी पानें वाहत होती. इकडे ती रोगी आणि वारकरी वाहत होती, आणि यात्रेबरोबर पटकीहि प्रवास करी. एकाच यंत्रानें एका देशांत कच्चें पान घरोघर नेलें, आणि दुसऱ्यांत कच्च्या पानाची भीति वाढविली.

ती भीति केवळ जुन्या काळची समजूं नये. २०१८ च्या वसंतांत खुद्द अमेरिकेंत लेट्यूसच्याच रोमेन नांवाच्या दुसऱ्या जातीच्या पानांतून एका जंतूची सांथ पसरली. २१० माणसें आजारी पडलीं, पांच दगावलीं. तपास करतां तोच जंतु शेतांजवळच्या कालव्याच्या पाण्यांत सांपडला. आमचें सारें खोरें कालव्यांवर आणि उपसा पाण्यावर जगतें. तेव्हां ही बातमी आम्हांला परकी नाहीं. दह्याच्या आंबटपणानें असे जंतु मरतात, या भरंवशावर कोणीं राहूं नये.

हें सर्व सूनबाईंना सांगितल्यावर आम्हीं दोघांनीं मिळून तो पदार्थ पुन्हां केला. अर्धा लिटर दहीं पंच्यांत चार तास टांगलें. वाटीभर चक्क्यांत तीन-चार चमचे ताक, अर्धा चमचा फेसलेली मोहरी, लसणीची एक वाटलेली पाकळी, मिरपूड आणि चमचाभर शेंगदाण्याचें तेल घालून तें रवीनें घुसळलें. गड्ड्याचीं बाहेरचीं तीन पानें काढून टाकलीं, देठ राखून चार फोडी केल्या, वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं पानें किंचित् विलग करून धुतल्या, आणि चाळणीवर पालथ्या घालून पंच्यानें टिपून पूर्ण कोरड्या केल्या. प्रथमच्या खेपेस कालवण घसरलें तें पानें ओलीं राहिल्यामुळें. मीठ कालवणांत अगदीं शेवटीं घातलें. वर भाजलेल्या दाण्यांची भरड आणि तळलेल्या लसणीचे काप. या खेपेस कालवण पानांना धरून राहिलें.

माप लिहून ठेवतांना सूनबाईंनीं वाटी-चमच्याचेंच धरलें. त्यांच्या फळीवर कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आहे. कमलाबाई आमच्याच भागांतल्या, कुंडलच्या. १९७० सालीं निघालेल्या त्यांच्या या पुस्तकानें वाटीचें माप घराघरांत रूढ केलें. नांवाचा वाद आम्ही असा मिटविला कीं, पदार्थास 'फोडींची कोशिंबीर' म्हणावयाचें. तो रात्रीं करावयाचा नाहीं, हें मात्र मीं हट्टानें वहींत लिहवून घेतलें, कारण रात्रीं दहीं खाण्यास चरकाचा निषेध आहे. सूनबाई हंसल्या, आणि त्या ओळीपुढें त्यांनीं कंसांत 'मामंजींसाठीं' असें लिहून ठेवलें.