हौशी विमाननिर्मिती आणि नियमन : ‘पू-द्यु-सिएल’चा धडा

फ्रेंच भाषेत ‘पू’ म्हणजे ऊ. आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाने आपल्या चिमुकल्या विमानाला ‘पू-द्यु-सिएल’ म्हणजे ‘आकाशातील ऊ’ असे नाव दिले. हे विमान खाडी ओलांडून इंग्लंडात गेले तेव्हा इंग्रजांनी उवेची पिसू केली आणि ‘फ्लाइंग फ्ली’ हे नाव रूढ झाले. भाषांतरात नाव बदलले. आराखडा मात्र जसाच्या तसा उतरवला गेला, आणि त्यात दडलेला दोषही त्याबरोबर उतरला. इ. स. १९३३ ते १९३९ या अल्पकाळात या विमानाचा उदय झाला आणि अस्तही झाला. घरी बांधलेल्या विमानांच्या इतिहासात या प्रकरणाचे महत्त्व विशेष आहे. सामान्य माणसाने विमान बांधावे की नाही, आणि बांधल्यास त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आला.

मिन्ये याचा जन्म १८९३ मधला. तो रेडिओचे तंत्र जाणणारा होता. विमानविद्येचे पद्धतशीर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. विशीच्या आतच, १९१२ च्या सुमारास, जर्मन उड्डाणवीर लिलिएन्थालच्या प्रयोगांपासून स्फूर्ती घेऊन त्याने एक ग्लायडर बांधला होता. पुढे त्याने एकामागून एक विमाने रचली. त्यांपैकी एचएम-८ हे नेहमीच्या घडणीचे एकपंखी विमान बरे उडाले आणि इतर हौशी लोकांनीही ते बांधले. तथापि नेहमीच्या विमानाचे चालन स्वतः मिन्येला नीट साधत नव्हते. त्यात हातातील दांडा आणि पायांनी चालवावयाचे सुकाणू यांचा मेळ घालावा लागतो, आणि तोच त्याला जमेना. यातून त्याने काढलेला निष्कर्ष मोठा धाडसी होता : उणीव चालकात नसून यंत्रात आहे, म्हणून यंत्रच बदलले पाहिजे.

या विचारातून एचएम-१४ निर्माण झाले. सप्टेंबर १९३३ मध्ये सोआसों गावाजवळच्या माळावर त्याचे पहिले उड्डाण झाले. दोन पंख, एक पुढे व वर, दुसरा त्यामागे व किंचित खाली. पुढच्या पंखाचा विस्तार सुमारे सहा मीटर. मोटारसायकलीच्या जातीचे लहान एंजिन. सांगाडा लाकडाचा, आवरण कापडाचे. विमान एका बाजूस कलविण्यासाठी पंखांच्या टोकांशी ज्या हलत्या पट्ट्या असतात त्या यात नव्हत्या. पायांनी चालविण्याचे काहीच नव्हते. एकच दांडा डावी-उजवीकडे हलविला की सुकाणू वळे, आणि मागे ओढला की पुढचा सबंध पंखच आपल्या बिजागरीवर फिरून वाऱ्याशी अधिक मोठा कोन करी व विमानाचे नाक वर उचलले जाई. यंत्र सोपे करण्याचा याहून मूलगामी प्रयत्न त्या काळी क्वचितच झाला असेल.

परंतु मिन्येचे खरे सामर्थ्य कारागिरीपेक्षा लेखणीत होते. १९३४ मध्ये त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. लाकडाची पेटी ठोकता येणाऱ्या कोणालाही विमान बांधता येईल, हा त्याचा दावा होता. त्याने लिहिले ते अभियंत्यांसाठी नव्हे, तर सुतारकामाची हौस असलेल्या शेजाऱ्यासाठी. आकृत्या, मापे, लाकडाची निवड, सरस लावण्याची रीत आणि शेवटी उडावयास शिकण्याची रीतही त्याने घरगुती भाषेत सांगितली. शास्त्रीय विषय बोलीच्या जवळच्या गद्यात मांडण्याचे हे उदाहरण म्हणून ते पुस्तक आजही अभ्यसनीय आहे. १९३५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले व पहिली आवृत्ती अल्पावधीत संपली. त्याच वर्षी १३ ऑगस्टला मिन्येने स्वतःच्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. फ्रान्स आणि ब्रिटन या दोन्ही देशांत परसदारी, गाडीखान्यांत व शाळांच्या कार्यशाळांत लोक ‘पिसू’ बांधू लागले. एकट्या ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक विमानांची नोंद झाली.

ब्रिटिश सरकारने या चळवळीला आरंभी मोकळीक दिली. मोठ्या विमानांना उड्डयनयोग्यतेच्या प्रमाणपत्रासाठी संपूर्ण परीक्षा द्यावी लागे. हौशी बांधणाराला तो खर्च झेपणारा नव्हता. म्हणून त्याऐवजी मर्यादित स्वरूपाची ‘उड्डाणाची अनुज्ञा’ देण्यात येऊ लागली. धोरण उदार होते. त्यात एक उणीव मात्र राहिली : विमान बांधणारे अनेक, पण मूळ आराखडा संपूर्णपणे तपासणारा कोणीच नाही.

दरम्यान बांधणारे आपापल्या परीने फेरफार करीत होते. कोणी फ्रेंच एंजिनाऐवजी फोर्ड मोटारीच्या एंजिनावरून तयार केलेले कार्डन-फोर्ड बसविले; कोणी पंख वाढविले. घरी बांधलेल्या विमानाचे आकर्षणच असे की बांधणारा त्यावर आपला हात फिरवू शकतो. परंतु विमानात एक भाग बदलला की इतर भागांचा अर्थही बदलतो. जड एंजिन पुढे आले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. पंख वाढला की त्याचे भार पेलणाऱ्या तुळयांवर अधिक ताण येतो. वाक्यातील एक पद बदलले असता उरलेल्या पदांचा अन्वय पुन्हा लावावा लागतो, तसाच हा प्रकार होय.

१९३६ मध्ये अपघातांची मालिका सुरू झाली. विमान उथळ सूर मारी, चालक दांडा मागे ओढी, आणि नाक वर येण्याऐवजी विमान अधिकच तीव्रतेने खाली जाऊन जमिनीवर आदळे. मृतांमध्ये अनुभवी वैमानिकही होते. तेव्हा नवशिक्यांच्या चुका किंवा ओबडधोबड कारागिरी एवढ्यावर दोष ढकलता येईना.

कारणाचा शोध अखेर वातविवरात लागला. कृत्रिम वाऱ्याच्या झोतात विमान ठेवून त्यावरील बले मोजण्याचे हे साधन होय. फ्रान्समध्ये शाले-म्यूदाँ येथे आणि इंग्लंडात फार्नबरो येथे प्रत्यक्ष आकाराच्या ‘पिसू’ची परीक्षा झाली. पुढच्या पंखाची मागची कड आणि मागच्या पंखाची पुढची कड यांच्यामध्ये एक चिंचोळी फट होती. दांडा मागे ओढला की पुढच्या पंखाची मागची कड खाली येऊन ही फट अधिकच अरुंद होई, आणि तीतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे मागच्या पंखाची उचल वाढे. सामान्य उड्डाणात याचा उपद्रव जाणवत नसे. परंतु नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की मागच्या पंखाची उचल पुढच्यावर मात करी, आणि दांडा पूर्ण मागे ओढूनही विमान सावरता येत नसे. ज्या क्रियेने सुटका व्हावयाची तीच क्रिया निरुपयोगी ठरत होती.

या निष्कर्षाचे मर्म असे की दोष सुतारकामाचा नव्हता. उत्तम बांधलेले यंत्र आणि गबाळे बांधलेले यंत्र त्या एका क्षणी सारखेच असहाय होते. कितीही दक्ष कारागिराला आपल्या परसात तो दोष सापडणे शक्य नव्हते, कारण तो दिसावयाचा तो वातविवरात किंवा प्राणघातक सुरात. एका कार्यशाळेतील चूक त्या कार्यशाळेपुरती राहते. छापील आराखड्यातील चूक मात्र जितक्या प्रती तितक्या ठिकाणी पोहोचते. पुस्तकाने विद्या सुलभ केली, पण विद्येबरोबर तिची पारख सुलभ झाली नाही.

सरकारने नव्या अनुज्ञा देणे थांबविले आणि ब्रिटनमधील शेवटची अनुज्ञा १९३९ मध्ये संपली. मिन्ये मात्र खचला नाही. पंखांची परस्पररचना सुधारून त्याने पुढील नमुने सिद्ध केले, युद्धोत्तर काळात अनेक देशांत काम केले आणि १९६५ मध्ये त्याचे निधन झाले. सुधारलेल्या रचनेची विमाने पुढेही बांधली व उडविली गेली. यावरून मूळ कल्पना सर्वस्वी त्याज्य नव्हती, हे दिसते.

या प्रकरणातून दोन भिन्न बोध घेता येतात. पहिला असा की विमान हे हौशी माणसाचे काम नव्हे. हा बोध सोपा आहे. परंतु समकालीन पुराव्याशी तो जुळत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पीटनपोल याने त्याच सुमारास फोर्ड ‘मॉडेल ए’ मोटारीचे एंजिन लावून ‘एअर कँपर’ हे विमान रचले होते. १९३२ पासून त्याचे आराखडे छापले गेले आणि आजही लोक ते बांधतात. तोही स्वतःच शिकलेला कारागीर. फरक एवढाच की त्याची रचना परिचित घडणीची होती आणि तिचे वर्तन आधीच ठाऊक होते.

दुसरा बोध युद्धोत्तर संस्थांनी घेतला. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये अतिहलक्या विमानांची संघटना स्थापन झाली. बांधणी पुरी झाल्यावर नव्हे, तर ती चालू असतानाच टप्प्याटप्प्याने अनुभवी निरीक्षकाने पाहावी आणि मूळ आराखड्यात केलेला बदल आधी तपासून घ्यावा, ही पद्धती तिच्या आश्रयाने रुजली. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी याने मिलवॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. तेथील नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी हौशी माणसाने केलेले असेल तरच ते विमान ‘हौशी बांधणीचे’ ठरते. या तरतुदीत विमान बांधणे हेच शिक्षण मानले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईतील प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. विमान गच्चीवरून खाली आणण्याइतकेच ते नोंदवहीत चढविणेही कष्टाचे ठरले. एकट्या माणसाच्या उद्योगाला परीक्षणाची वाट कोठून व कशी मिळावी, हाच प्रश्न येथेही पुन्हा उभा राहिला.

तात्पर्य, ‘पू-द्यु-सिएल’चा इतिहास हा हौशी माणसाच्या पराभवाचा इतिहास नव्हे. निर्मितीचे स्वातंत्र्य सर्वांना द्यावयाचे तर परीक्षणाचे साधनही सर्वांच्या आटोक्यात आणले पाहिजे, हे त्याने प्राणांचे मोल घेऊन शिकविले. १९३५ मध्ये पुस्तक दुकानात मिळत होते. वातविवर मिळत नव्हते. त्या दोहोंमधील अंतरात माणसे पडली.