इन्शुलिन-संवेदनशीलतेचे मोजमाप : कृश आणि स्थूल

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन रक्तातील ग्लुकोज स्नायू व चरबीच्या पेशींत पोहोचवते आणि यकृतातील ग्लुकोजनिर्मितीला आळा घालते. ठरावीक इन्शुलिनला शरीर किती प्रतिसाद देते, यास इन्शुलिन-संवेदनशीलता म्हणतात. ती घटली, की स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवून तूट भरून काढते. त्यामुळे अनेक वर्षे रक्तशर्करा प्राकृत राहू शकते. ही भरपाई अपुरी पडू लागली, की मधुमेह प्रकट होतो. म्हणूनच केवळ साखर तपासून ही घट वेळीच ओळखता येत नाही.

क्लॅम्प चाचणी
मधुमेहींमध्ये इन्शुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन प्रकार असल्याचे ब्रिटिश वैद्य हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवले. या मोजमापाची आजची आदर्श पद्धत म्हणजे 'युग्लायसेमिक क्लॅम्प'. डिफ्रोन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी ती १९७९ मध्ये सविस्तर मांडली. तीत एका शिरेतून इन्शुलिन ठरावीक गतीने सोडले जाते. दर काही मिनिटांनी रक्त तपासून साखर ९० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिर राहील इतके ग्लुकोज दिले जाते. सुमारे दोन तासांनंतर जितके ग्लुकोज द्यावे लागते, तितके शरीर वापरते असे मानतात. ग्लुकोज जास्त लागले, तर संवेदनशीलता चांगली.

भागाकार कशाने?
कृश व स्थूल व्यक्तींची तुलना करताना येथेच पेच उद्भवतो. समजा, ५० व १०० किलो वजनाच्या दोन व्यक्तींनी मिनिटाला प्रत्येकी ४०० मिलिग्रॅम ग्लुकोज वापरले. एकूण वजनाने भागल्यास उत्तरे ८ आणि ४ येतात. परंतु या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायू घेतात, चरबी अल्पच. चरबीविरहित वजन अनुक्रमे ४० व ५० किलो असेल, तर उत्तरे १० आणि ८ होतात. दुपटीचा फरक एकदम आक्रसतो. तरीही स्थूल गटाची सरासरी संवेदनशीलता कमीच आढळते. मात्र तफावत किती, हे भाजकावर अवलंबून असते.

उपाशीपोटीचे गणित
क्लॅम्प खर्चिक व वेळखाऊ असल्याने ती संशोधनापुरतीच राहिली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ मध्ये 'होमा' हे सोपे सूत्र दिले. उपाशीपोटीची साखर व इन्शुलिन यांचा गुणाकार करून त्यास ४०५ ने भागायचे. साखर ९० आणि इन्शुलिन ५ एकक असल्यास उत्तर १.१; साखर तीच, पण इन्शुलिन १८ असल्यास ४. आकडा जितका मोठा, तितका प्रतिरोध अधिक. साखरेच्या अहवालात सारख्याच दिसणाऱ्या दोघांतील अंतर असे उघड होते. मात्र प्रयोगशाळांच्या इन्शुलिन-मापनात एकवाक्यता नसल्याने सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. मधुमेहाच्या निदानासाठीही ही चाचणी नाही.

सडपातळ, तरीही मेदयुक्त
वजनकाटा कसा फसवतो, याचे बोलके उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांत तुलनेने स्नायू कमी व पोटाभोवती चरबी अधिक असते. ही चरबी, तसेच यकृतात साठलेला मेद, यांचा इन्शुलिन-प्रतिरोधाशी निकटचा संबंध आहे. उलटपक्षी, काही स्थूल व्यक्तींची संवेदनशीलता चांगलीही असते.

यास्तव 'मी बारीक आहे, मला मधुमेह कसा होईल?' हा समज घातक ठरतो. घरात मधुमेहाचा इतिहास असल्यास वजनाबरोबर कमरेचा घेर मोजणे आणि वैद्यकीय सल्ल्याने रक्तशर्करा तपासणे इष्ट होय. नियमित व्यायामाने स्नायूंची संवेदनशीलता वाढते, मग काट्यावरील आकडा हलो वा न हलो.