तळाची जागा

सरकारी नोकराची बदली झाली म्हणजे बिऱ्हाड हलते, मुलांच्या शाळेचा घोटाळा होतो आणि मराठी वर्तमानपत्र दोन दिवस शिळे होऊन हाती पडते. तथापि त्याची वेतनश्रेणी व सेवाज्येष्ठता ही त्याच्या पाठोपाठ निमूटपणे येतात. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात बदली मागावी, तर मात्र जुनी ज्येष्ठता सोडून नव्या यादीत तळाशी बसावे लागते. ही अट वाचून किती अर्ज खणातल्या खणात राहतात, हे आम्हां कारकुनांस चांगले ठाऊक आहे. जोहरा सेहगल यांची कारकीर्द वाचताना आम्हांस राहून राहून त्या अटीचे स्मरण झाले.

जोहराबाईंचा जन्म १९१२ साली सहारनपूरचा, घराणे रोहिला पठाणांचे. लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात कडक पडद्यात त्यांचे शिक्षण झाले. १९३० च्या सुमारास मामांबरोबर मोटारीने इराण, पॅलेस्टाइन, सीरिया ओलांडून त्या इजिप्तला पोचल्या आणि तेथून बोटीने युरोपला गेल्या. ड्रेस्डेन येथे मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत त्यांनी तीन वर्षे काढली. १९३५ साली उदयशंकरांच्या संचात प्रवेश मिळाला. जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका असे दौरे झाले. पुढे अल्मोड्याच्या केंद्रात त्या शिक्षिका झाल्या. तेथेच इंदूरचे तरुण कामेश्वर सेहगल भेटले. ते वयाने आठ वर्षांनी लहान आणि धर्माने हिंदू. १९४२ च्या ऑगस्टात विवाह झाला. समारंभास पंडित नेहरू यावयाचे होते, परंतु ‘चले जाव’च्या धरपकडीत ते आधीच तुरुंगात गेले होते.

दांपत्याने लाहोरात स्वतःची नृत्यसंस्था काढली. हिंदु-मुसलमान तेढ वाढू लागताच ती सोडून त्यांनी मुंबई गाठली. येथपासूनचा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. जगभर नाव झालेली ही नर्तकी १९४५ साली पृथ्वी थिएटर्समध्ये दाखल झाली, आणि तेथे नायिका कोण, तर धाकटी बहीण उझरा! थोरलीकडे नृत्यदिग्दर्शन आणि दुय्यम भूमिका आल्या. घरच्या पंगतीत धाकट्या जावेच्या खालचा पाट मिळाला तरी आपल्याकडे वर्षभर अबोला धरला जातो. जोहराबाई त्या जागेवर चौदा वर्षे राहिल्या. रॉयल ऑपेरा हाऊसमधील प्रयोग, एरवी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गावोगाव फिरणे, आणि प्रयोग संपल्यावर दाराशी झोळी पसरून उभे राहिलेले पृथ्वीराज, अशी ती शाळा होती. नृत्याने शरीर घडले होते. परंतु नटी म्हणून त्या घडल्या त्या याच दुय्यम भूमिकांत, असे आमचे मत आहे.

त्याच काळात चित्रपटही आले. १९४६ साली अब्बासांचा ‘धरती के लाल’ आणि चेतन आनंदांचा ‘नीचा नगर’ या दोहोंत त्या होत्या. ‘नीचा नगर’ला कानच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मान लाभला. १९५१ च्या ‘बाजी’चे नृत्यदिग्दर्शन त्यांचे. त्याचे दिग्दर्शक गुरुदत्त हे अल्मोड्याच्या केंद्राचेच विद्यार्थी. मधल्या काळात पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये उमेदवारी करून आलेले.

१९५९ साली पतीचा मृत्यू झाला. दोन मुलांसह जोहराबाई दिल्लीस आल्या आणि नाट्य अकादमीच्या संचालिका झाल्या. मानाची जागा होती. आमच्यासारखा माणूस तेथून निवृत्तीपर्यंत हलला नसता. त्या मात्र १९६२ साली, वयाच्या पन्नाशीस, शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेल्या. म्हणजे पुन्हा विद्यार्थिनी! आणि जेथे गोऱ्या नटांस काम मिळण्याची मारामार, तेथे हिंदी स्त्रीसाठी भूमिका लिहिणार कोण? १९६४ साली किप्लिंगच्या एका कथेवरील बी.बी.सी.च्या नाटिकेत काम मिळाले. पुढे किरकोळ भूमिका, ‘पडोसी’ ही दूरचित्रवाणी मालिका, असे करता करता ‘द ज्युवेल इन द क्राऊन’मधील लेडी चॅटर्जी त्यांच्या वाट्यास आली ती १९८४ साली. वय बहात्तर. सरकारी हिशेबाने निवृत्तिवेतन घेऊ लागून एक तप लोटले असते.

त्यानंतर मायदेशी परतल्यावरची हसरी, खट्याळ आजी सर्वांनी पाहिली आहे. ‘दिल से’, ‘चीनी कम’ यांमुळे आणि २०१० च्या पद्मविभूषणामुळे त्यांचे नाव घरोघर पोचले. २०१४ साली दिल्लीत, एकशे दोनाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या आजीचे कौतुक करताना मागची वीस वर्षांची लंडनमधील उमेदवारी लोक विसरतात, याची आम्हांस थोडी चुटपुट लागते.

उझराबाई १९६४ साली पाकिस्तानात गेल्या होत्या. ज्या शहरात जोहराबाई पडद्याआड शिकल्या आणि जेथून जमातींतील तेढीमुळे बाहेर पडल्या, त्याच लाहोरात १९९३ साली ‘एक थी नानी’ या नाटकात दोघी बहिणी पुन्हा एका रंगमंचावर उभ्या राहिल्या. थोरली ऐंशी ओलांडलेली, धाकटी पंचाहत्तरीच्या पुढची. आणि या खेपेस नायिका कोणती, हा प्रश्न कोणासही विचारावा लागला नाही.